यशोगाथा लिहायला करमाडला

पुण्याहून सकाळी सातची बस धरली तेव्हा माझ्या पिशवीत एक कोरी वही आणि आमच्या विभागप्रमुखांचं पत्र होतं. करमाडच्या एका महिला उद्योगाची यशोगाथा लिहिण्यासाठी मी येत आहे, संबंधितांनी सहकार्य करावं, असं त्यात लिहिलं होतं. मी ते बसमध्ये दोनदा काढून वाचलं. आपलं नाव विद्यापीठाच्या कागदावर छापलेलं पाहून बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

तुम्हां कुडाळच्या मंडळींना मी पुण्यात नेमकं काय शिकते ते अजून उमगलेलं नाही. बाबा शेजाऱ्यांना 'धंद्याचं काहीतरी' असं सांगतात आणि तसं ते बरोबरच आहे. व्यवसायाची रणनीती, उद्योजकता आणि परदेशात वाढ, असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाला एका छोट्या उद्योगात दोन महिने राहून त्याच्या वाढीचा आराखडा करावा लागतो. मला करमाड मिळालं. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्यानं निघालं की शेंद्र्याच्या कारखान्यांजवळ लागणारं गाव. तिथं निर्मलाताई (नाव बदललं आहे, का, ते पुढं येईल) आणि त्यांच्या गटातल्या आठ बायका खारोड्या करायच्या. खारोडी म्हणजे भरडलेली बाजरी तिखट, लसूण, तीळ घालून शिजवायची आणि तिचे बोराएवढे गोळे कापडावर घालून चैत्र-वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवायचे. मग वर्षभर तळून खायचे, नाहीतर शेंगदाण्यांबरोबर नुसतेच.

मी आराखडा केला. शहरात गुलमंडीच्या बाजारातलं दुकान, मुलांची वसतिगृहं, लग्नाच्या ऑर्डरी, ही सगळी किरकोळ गिऱ्हाइकं सोडायची आणि आखाती देशांत माल पाठवणाऱ्या मुंबईच्या एकाच व्यापाऱ्याला सगळं द्यायचं. त्याला बारा महिने माल हवा होता, म्हणून वाळवणीचं मशीन घ्यायचं. रणनीती म्हणजे कशाला नाही म्हणायचं ते ठरवणं, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं. निर्मलाताईंना मी ते तीन-तीनदा समजावलं. त्या म्हणाल्या होत्या, "दारात आलेल्या गिऱ्हाइकाला नाय म्हणायला जीभ वळत नाय गं, मानसी."

मी म्हटलं होतं, "वळवा."

उन्हात वाळलेला पहिला माल जूनमध्ये गेला. माझ्या आराखड्याला वर्गात पहिला क्रमांक मिळाला. आता आमचे विभागप्रमुख सर म्हणाले होते, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी यावर एक धडाच करू, जाऊन सविस्तर लिहून आण.

नगर सोडल्यावर झाडं विरळ झाली आणि आभाळ एकदम मोठं झालं. आपल्याकडे नजर माडांना अडते. इथं ती अडायला काही नाही. दोन्हीकडे ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. शेजारी बसलेल्या बाईंनी मला बोरं दिली आणि चौकशी सुरू केली.

"कुठं निघालात?"

"करमाडला. एका बाईंवर धडा लिहायचाय."

"धडा? म्हणजे लई चांगलं चाललंय त्यांचं."

"हो," मी म्हटलं. निर्मलाताईंशी माझं शेवटचं बोलणं ऑक्टोबरात झालं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सगळं बरं हाय." नंतर त्यांचा फोन बंदच लागत होता. परीक्षा होत्या, मी खोलात गेले नाही. खोलात जायचं नव्हतं, असं आता वाटतं.

शहरात उतरले तेव्हा दुपार कलली होती. लॉजच्या खोलीवर पिशवी टाकली आणि शहागंजात जाऊन नान-खलिया (तंदूरमधली मऊ रोटी आणि मटणाचा तर्रीदार रस्सा) पोटभर खाल्ला. वाढणारे चाचा म्हणाले, "और लेव बेटा, पुने में ऐसा कां मिलता." मी आणखी घेतला. तिथून चालत गुलमंडीवर गेले. निर्मलाताईंनी जे दुकान माझ्या सांगण्यावरून सोडलं होतं, तिथं दोन ओळी लिहिण्यापुरतं विचारावं असं मनात होतं: आधी माल कुठवर जायचा, आता कुठवर जातो.

दुकानदारानं मला ओळखलं नाही. करमाडची खारोडी आहे का, विचारल्यावर म्हणाला, "त्या बाईंनीच बंद केली. म्हणल्या, आता परदेशात जातो माल. दिवाळीच्या तोंडावर परत आल्या होत्या, घेता का म्हणून. पण मी तोवर जालन्याची लावली होती."

"मग?"

"मग काय, नाय म्हणलं." त्यानं पुडी बांधायला घेतली. "थोडा वेळ उभ्या राह्यल्या तिथं. मग गेल्या."

त्यानं बोटानं दाखवलेल्या जागीच मी उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी करमाडला पोचले. बुद्धविहाराच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिच्या दाराला कुलूप होतं. खिडकीच्या जाळीतून आत पाहिलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, हार सुकलेला. खाली माझ्या आराखड्यातलं मशीन, त्यावर गोणपाट. वाळवणीची कापडं घडी करून कोपऱ्यात रचलेली होती. नीट, काठाला काठ लावून.

गटातल्या शोभाताईंचं (हेही नाव बदललेलं) घर गावात, शेतकऱ्यांच्या आळीत. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मला पाहून सूप थांबलं, पण बस म्हणाल्या नाहीत.

"मशीन बघाया आल्या का?"

"शोभाताई, काय झालं?"

"काय व्हायचं? पावसाळ्यात कुणी खारोडी घालतंय का? माझी सासू तोंडाला पदर लावून हसली. मी निर्मलीला म्हणलं, हिला ऊन लागतं, उन्हाबिगर नाय जमायचं. ती म्हणली, मानसीनं लिहून दिलंय, मशीनीत व्हतंय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "वरून कडक दिसायची. आत वली. मुंबईत पोती फोडली तर समद्या मालाला बुरशी. त्या व्यापाऱ्यानं फोन उचलायचंच सोडलं."

माझ्या आराखड्यातलं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं: हंगामावरचं अवलंबित्व दूर करणे.

"मग गट?"

"मग कुठला गट. कुणी म्हणलं पाणी जास्त झालं, कुणी म्हणलं हिनं नीट फिरवली नाय. एकमेकींवर ढकलाढकली. घरचे म्हणले, कशाला जाती तिकडं वस्तीत..." माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आता नाय जात कुणी."

ते दोन महिने मी तिथं होते, म्हणून मला कळत होतं त्या काय सांगत होत्या. गटातल्या चार जणी गावातल्या शेतकरी घरांमधल्या आणि पाच वस्तीतल्या बौद्ध घरांमधल्या. त्या चौघी आधी विहाराच्या मागं कधी आल्या नव्हत्या. पहिल्या पहिल्यांदा आपापला डबा घेऊन लांब बसायच्या. मे महिना संपेपर्यंत नऊ जणी एका कापडाभोवती बसून गोळे घालत होत्या आणि एकमेकींच्या डब्यातली भाकरी न विचारता मोडून घेत होत्या. मी ते रोज पाहत होते. आराखड्यात त्याची नोंद अशी केली होती: मनुष्यबळ, नऊ.

"निर्मलाताई कुठं असतात?"

"कन्नडला, बहिणीकडं. अद्रक (आलं) धुती."

रस्त्यावर येऊन सरांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "मानसी, असं होतं. तू पहिल्या मालापर्यंतच लिही. तिथपर्यंत ती यशोगाथाच आहे."

तिसऱ्या दिवशी कन्नडची एसटी धरली. देवगिरीचा किल्ला खिडकीतून मागं गेला, वेरूळ गेलं; वाटेत पर्यटक उतरले, चढले. मी मनात काय बोलायचं ते जुळवत होते आणि त्या नादात कन्नडच्या अलीकडच्या फाट्यावरच उतरले. उन्हात अर्धा तास चालले. शेवटी एका जीपवाल्यानं गाडी थांबवली. "अद्रक सेंटरला ना? बसा ताई, या रस्त्यानं पायी जाणारे समदे तिथंच जातेत."

सेंटर म्हणजे विहिरीजवळची मोकळी जागा. आल्याचे ढीग, मोटारीचा धबधबा, चिखल, आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास. दहा-बारा बायका धुतलेले गड्डे मोडून वेगळे करत होत्या. साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेल्या एका बाईनं मान वर केली आणि मी निर्मलाताईंना ओळखलं.

"या, मॅडम," त्या म्हणाल्या.

मागच्या उन्हाळ्यात त्या मला मानसी म्हणायच्या, तू म्हणायच्या. मॅडम कधीच म्हणाल्या नव्हत्या.

जेवणाची सुट्टी झाल्यावर त्यांनी मला बाभळीखाली बसवलं. डब्यात ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) होती. मोठी चतकोर त्यांनी माझ्या हातावर ठेवली. त्यांची बोटं आल्यानं सोलवटली होती. भाकरी मोडताना आमटीचं तिखट लागलं की त्या हात झटकत होत्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "खा. लांबून आलात."

मी माफी मागितली. फार वेळ बोलले, भरकटले, रडलेसुद्धा. त्या जेवत राहिल्या. मग मी म्हटलं, "ताई, मी खरं काय झालं ते लिहिते. चूक माझी होती, असं स्पष्ट लिहिते."

"कुठं वाचत्यात ते?"

"वर्गात. दरवर्षी नवीन मुलं येतात, ती वाचतील."

"म्हंजे दर साली नवी पोरं वाचणार, निर्मली कशी बुडाली ते."

"पण चूक माझी..."

"तुमची चूक कोण वाचतंय मॅडम? त्यास्नी बाई दिसंल. वस्तीतली बाई धंदा कराया निघाली अन् बुडाली." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आमच्यातलं कुणी बुडालं की लोकास्नी लई लवकर पटतं."

मी म्हटलं, "सर म्हणतात, पहिल्या मालापर्यंतच लिही. जिंकलेलं."

"ते तर खोटंच झालं. खोटं बी नको."

"मग मी काय लिहू?"

"काय बी नको लिहू." एवढा एकदाच तो जुना 'तू' आला. "मला सोड आता."

तरी मी थांबले नाही. पुण्यातल्या दुकानांशी बोलते म्हणाले, येत्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू करू म्हणाले, थोड्याच मालानं, उन्हातच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग असता तर मला सोसला असता. त्या नजरेत थकवा होता. मूल तेच तेच मागतं तेव्हा आईच्या नजरेत असतो तसा.

"बायका कुठून आणू?" त्या म्हणाल्या. "बाजरी मिळंल, ऊन मिळंल. त्या बायका कुठून आणू?"

मोटार सुरू झाली. त्या उठल्या, शर्टाच्या बाह्या ओढल्या आणि ढिगाकडं गेल्या. मी बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभी होते. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये वही पिशवीतून बाहेर काढली नाही. पुण्यात येऊन सरांना सांगितलं की मी काही लिहिणार नाही, आणि लिहिलेला आराखडाही कुणाला देऊ नका. त्यांनी माझे गुण कापले नाहीत, आवाजही चढवला नाही. आराखडा विभागाच्या मालकीचा असतो, एवढं सांगितलं. पंधरा दिवसांनी तो पहिल्या वर्षाच्या वाचनाच्या संचात छापून आला. त्यात निर्मलाताईंचं खरं नाव आहे आणि शेवटचं वाक्य आहे: उद्योगाची वाटचाल आता जागतिक बाजारपेठेकडे. तो मागं घ्यावा म्हणून मी दोन अर्ज दिले. त्यांचं उत्तर आलेलं नाही. निर्मलाताईंना हे कळवायची माझी हिंमत झालेली नाही. म्हणून हे तुम्हांला लिहिते आहे, नावं बदलून. त्यांनी काही लिहू नको म्हटलं होतं. तो शब्दही मी पुरता पाळला नाहीच.

प्रवासानं माणूस शहाणा होतो, असं आपल्याकडे म्हणतात. मी तीन दिवस फिरून आले आणि जे कळलं त्याचा उपयोग आता कुणालाच नाही. करमाडला नाही, कन्नडला नाही. मला नोकरीसाठी बोलावणी येताहेत. सगळीकडे त्या आराखड्याबद्दलच विचारतात.

परवा ग्रंथालयात पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्याजवळ आली. हातात तोच संच, पानांवर पिवळ्या रेघा मारलेल्या. डोळे चमकत होते.

"ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना? काय भारी बाई आहेत! अजून चालू आहे ना त्यांचं?"

"नाही," मी म्हटलं. "बंद पडलं."

तिचा चेहरा पडला. तिनं पानं उलटून रेघा पुन्हा पाहिल्या. "पण आराखडा तर बरोबर वाटतो," ती म्हणाली. "मग चुकलं कुठं त्यांचं?"

"त्यांनी माझं ऐकलं," मी म्हटलं.