काकूंचं गाऱ्हाणं

"बा गणपती म्हाराजा!" काकू ओरडल्या. इंग्लंडातल्या रीडिंग गावातल्या त्या भाड्याच्या चर्च हॉलचं छप्पर उडालं नाही, एवढंच.

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

नेहमी गाऱ्हाणं घालणारे आजोबा यंदा इंडियात अडकले, म्हणून मान काकूंना. प्रत्येक साकड्याला लोकांनी 'होय' द्यायचं. नाही दिलं तर ते देवापर्यंत जातच नाही, असं काकू मानतात.

काकू मॉरिशसच्या. पणजोबा कोकणातून तिथल्या उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. काका त्याच बेटावरचे, पण त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. काका मागच्या हिवाळ्यात गेले.

"आमच्या आधी ज्यांनी तिथल्या मळ्यातले दगड वेचले, ज्यांच्या रिकाम्या खोपटात आम्हाला उतरवलं, जे साखळी तोडून डोंगरात लपले, ते त्या जागेचे राखणदार, म्हाराजा! माझा नवरा त्यांचा. त्याला त्यांच्यात घे, म्हाराजा!"

एकही 'होय' आलं नाही.

मंडळाचा सेक्रेटरी पुढे सरकला. "काकू, आपल्या पूर्वजांपुरतं ठेवूया ना. हॉल चारपर्यंतच बुक आहे."

"आपलेच सांगते. त्या जमिनीवर पहिले ते, मग आम्ही. राखणदार काय आपल्या सोयीनं निवडायचा?"

काकूंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि थांबल्या. आमच्याकडे बघत.

आता माझा आवाज असा, की मी इथे शिंकलो तर पार लंडनच्या ईलिंगमधली कबुतरं उडतात. ऑफिसात मी म्यूटवर असलो तरी मीटिंगला ऐकू जातो. पण सकाळपासून चार हजार खुर्च्या मांडल्या होत्या. बरं, दीडशे, पाठीला विचाराल तर चार हजारच. आठवडाभर उशिराच्या ट्रेन, त्यात हे मंडळ. वाटलं, कोणीतरी 'होय' म्हणेल. मी सेक्रेटरीकडे बघितलं, मग मोदकांच्या ट्रेकडे. तेवढ्यात कोणीतरी टाळ वाजवला आणि आरती सुरू झाली. काकू टाळ्या वाजवत होत्या, पण ओठ मिटलेले.

चारला मी खुर्च्या रचत होतो, काकू झाडत होत्या.

"काकू, चुकलंच. पुढच्या वर्षी मी असा ओरडतो बघा, बेटापर्यंत ऐकू जाईल."

काकूंनी कचरा सुपलीत भरला.

"आज हवं होतं," म्हणाल्या.