पारीवर पारखलेलं चाक

स्वयंपाकघरातल्या परीक्षेत पास झाल्याशिवाय समोरच्या काकूंच्या घरात कुठलीच वस्तू यायची नाही. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत त्या एकट्या राहायच्या. मी इंग्रजी माध्यमातली, म्हणून पाकिटांवरचं वाचायला त्या मला दुकानोदुकानी न्यायच्या. आणि मी वाचलेलं कधीच ऐकायच्या नाहीत.

त्यांच्या अमेरिकेतल्या मुलीला, ताईला, बाळ होणार होतं. काकूंच्या आईचं एकच लुगडं उरलं होतं, त्याची गोधडी त्यांना न्यायची होती. तीही साधी नाही, मुलीने पाठवलेल्या फोटोतल्यासारखी, चंद्रकोरींची. कात्रीने कोरी नीट येईनात, म्हणून कापड कापायचं मुठीचं चाक हवं होतं. मेन रोडच्या दुकानदाराने तीन मापांची चाकं काढली.

"वळणांसाठी सगळ्यात लहान," मी पाकीट वाचलं.

"इंग्रजीत काहीही लिहितात," म्हणत काकूंनी पर्समधून डबा काढला. डब्यात करंजीची लाटलेली पारी! ती त्यांनी काउंटरवर पसरली. मी शोकेसमधली बटणं बघत उभी राहिले.

"काकू, काचेवर पीठ?"

"पुसून देते. लग्नापासून करंज्या कातते मी, चाक मला शिकवू नकोस."

मोठं चाक पारीवर झोकात वळलं. "बघ! शिवाय हातात कसं भरतं."

"पारी मऊ असते, काकू," मी पुटपुटले.

"तू आधी मोठ्याने बोलायला शीक."

घरी पहिल्याच कोरीला चाक खडूची रेघ सोडून सरळ निघालं आणि लुगड्याच्या काठात घुसलं. काकू बराच वेळ त्या चिरेवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या ते लहानवालं आणू. मी म्हणतच होते."

म्हणतच होत्या! मी घटाघटा पाणी प्यायले.

लहान चाक हवं तसं वळलं. चीर त्यांनी लाल दोऱ्याने रफू केली. गोधडी घेऊन काकू गेल्या त्या तिकडेच राहिल्या. सोसायटी एकदम शांत झाली. मला ते आवडायला हवं होतं.

एके दिवशी फोन आला. "अगं, इथे आपल्या चाकाहूनही लहान चाक मिळालंय. पाकिटावर काय लिहिलंय ते सांग."

"ताई आहे ना तिथे?"

"ती घाई करते. मी अक्षरं सांगते, तू जुळव."

मी जुळवली. "अगदी लहान वळणांसाठी," मी मोठ्याने वाचलं.

"काहीही लिहितात," काकू म्हणाल्या. मग रिसीव्हर कुठेतरी ठेवल्याचा खट् आवाज आला, आणि मागून पोळपाटावर लाटणं फिरायला लागलं.