ज्या शोमध्ये धाकटा जगला

भूत, भानामती, स्वप्नातले संकेत... आयुष्यभर मी हे सगळं हसण्यावारी नेलं. छत्तीस वर्षं हायस्कूलात इंग्रजी शिकवलं, पोरं भुताच्या गोष्टी सांगू लागली की मी एकच शब्द विचारायचो—"पुरावा?" आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी बिनपुराव्याची गोष्ट मीच सांगतोय. सोबत एक कबुलीही आहे.

माझी थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, पिशोर गावी तिनंच मला वाढवलं. म्हातारपणी ती आमच्याकडे शहरात आली आणि माझ्या नातीनं, मुक्तानं, तिला इंग्रजी पुस्तकांवरून काढलेल्या एका सिनेमालिकेचं वेड लावलं. उद्याच्या जगातलं एक शहर, भोवती उंच भिंत, पाण्यावर बंदुकांचा पहारा. धाकट्या भावाला शिपायांनी भिंतीपलीकडे नेलेलं आणि सतरा वर्षांची बहीण त्याला सोडवायला निघालेली. हिंदीत डब केलेलं असल्यानं अक्काला सगळं कळायचं. पहिले दोन भाग लॅपटॉपवर झाले. तिसऱ्याला थिएटरात गेलो, तर अक्कानं त्यासाठी गुलमंडीच्या बाजारातून नवी साडी आणली! भर शोमध्ये ओरडली, "अगं मागं बघ ना, मागं! लई भोळी हाय ही पोरगी!"

आणि नेमकी ती पोरगी भिंतीच्या दारात उभी राहिली न् पडदा काळा झाला. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे केले होते. उरलेला भाग वर्षानं.

"वर्षानं?" अक्का खुर्चीतून उठेना. "अन् तवर त्या लेकरानं काय करायचं?"

पुढच्याच महिन्यात तिचं पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने. अक्कानं आठ काढले. "धाकटा सुटल्याबिगर मी कुठं जात नाय," म्हणायची. मुक्ता कॅलेंडरवर एकेक दिवस खोडायची.

मी पुस्तक वाचलं होतं. पुस्तकात भिंत पडते, पण धाकटा तिच्याखाली मरतो.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. अक्का म्हणाली, "बापू, तू पुस्तक वाचलंस नं? जगतंय का रे ते लेकरू? खरं सांग."

"जगतंय," मी म्हणालो. आणि सुरू झालो तो थांबलोच नाही. भिंत पडते, धुरातून तो चालत येतो, दोघं ढिगाऱ्यावर बसतात, तो खिशातून कांदा काढून बुक्कीनं फोडतो आणि मोठा तुकडा बहिणीला देतो...

"कांदा?" अक्का खुदकन हसली. "तिकडंबी बुक्कीनंच फोडतेत व्हय?"

"फोडतेत."

"मग झालं. सुटलं लेकरू."

आठव्या दिवशी ती गेली. सगळे म्हणाले, मास्तरांनी शेवट सांगितला, समाधानानं गेली बिचारी. मी मान डोलावली.

खरं असं आहे, की मी थकलो होतो. तिची उठबस करणं, तिचं कण्हणं... ती कशासाठी थांबली आहे, मला ठाऊक होतं. शेवट कळला तर थांबणार नाही, हेही ठाऊक होतं. म्हणून सांगितला. आणि तोही खोटा.

तीन महिन्यांनी शेवटचा भाग लागला. जालना रोडचं थिएटर, दुपारी साडेबाराचा शो, एफ रांग, सीट अकरा आणि बारा. मुक्तानंही पुस्तक वाचलेलं; पर्समधून रुमाल आधीच काढून ठेवला होता. भिंत पडली. धूर. मला बघवेना, मी मान खाली घातली. तेवढ्यात मुक्तानं माझं मनगट आवळलं—

"आबा! आबा, बघा!"

धुरातून धाकटा चालत येत होता! ढिगाऱ्यावर बहिणीशेजारी बसला. खिशात हात घातला, कांदा काढला, दगडावर ठेवला आणि—दण्णकन बुक्की! मोठा तुकडा तिच्या हातात. मी उभाच राहिलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बैठो ना!"

बाहेर मुक्ता नुसती नाचत होती. "शेवट बदलला की हो! पण तो कांदा काय होता, आबा? ते गोरे लोक कांदा असा फोडतात?"

कांद्याचं मी अक्काशिवाय कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मुक्ताच्या पुण्याच्या मैत्रिणीचा रडवेला फोन आला: "मेला गं धाकटा!" दोघींचं जोरदार भांडण झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. तेच थिएटर, तोच शो. भिंत पडली, धूर झाला... आणि कुणीच आलं नाही. ढिगाऱ्यावर ती एकटी बसली होती.

परतताना रिक्षात मी मुक्ताला सगळं सांगितलं. थकल्याचंसुद्धा.

ती म्हणाली, "मी तिला रोज सांगायचे, आबा, अजून एवढेच दिवस राहिले."

"ऐकायचो मी."

"आणि तरी?"

"तरी."

घर येईपर्यंत ती बाहेर बघत होती.

थिएटरवाल्यांना विचारलं; त्यांच्याकडे शेवट एकच आहे. मुक्तानं इंटरनेट पालथं घातलं. दुसरा शेवट कुठंच नाही. भास म्हणावा तर दोघांना एकच कसा? तो कांदा मुक्ताला कसा दिसला? अजून कळलेलं नाही, कळेलसं वाटतही नाही. अक्काला मी खोटं सांगितलं की खरं, हे आता मला छातीठोक सांगता येत नाही. का सांगितलं, ते येतं. ते सांगायचं राहिलं होतं.