बायोडेटा बंद करण्याची रीत

आमच्या ऑफिसात जुने लॅपटॉप टाकून द्यायचे झाले की ते एका टेबलावर मांडून ठेवतात. ज्याला हवा त्यानं न्यावा. माझ्या सहकाऱ्यांनी त्या टेबलाला वळसा घातला. मी त्यातल्या त्यात कमी खरचटलेला उचलला आणि वेलिंग्टनहून घरी, जॉन्सनव्हिलला जाणाऱ्या लोकल गाडीत मांडीवर घेऊन बसले. घरी आणून चालू केला तर तो अशा धापा टाकायला लागला की आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "मिक्सर लावलास का गं?"

त्याच्यावर मी लिनक्स टाकलं. लिनक्सवरचे दिसायचे साज वेगवेगळे असतात, त्यातला म्हाताऱ्या यंत्राला झेपेल असा हलका साज निवडला. त्याचं चिन्ह उंदराचं आहे. आई तेव्हा बार्शीहून माझ्याकडे राहायला आली होती. तिनं ते चिन्ह बघून निकाल दिला, "गणपतीचं वाहन आहे, ओढील गाडा." आणि ओढला की! पंखा गप्प झाला, सगळं चटाचट उघडायला लागलं. शहाण्या माणसानं इथे थांबायचं असतं.

पण तो हलका साज दिसायला म्हणजे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यासारखा होता. करडी भिंत, करडी पट्टी, करडी बटणं. मला काही ते बघवेना. आधी रंग बदलले, मग चिन्हं बदलली, मग खिडक्यांना सावल्या दिल्या. मग असं एक सॉफ्टवेअर सापडलं की खिडकी धरून ओढली तर ती जेलीसारखी थुलथुलते. आई मालिका बघायची सोडून मालिकेची खिडकीच इकडून तिकडे ओढत बसायला लागली. पुढे चार डेस्कटॉपचा ठोकळा केला. दोन बटणं दाबली की अख्खा पडदा ठोकळ्यासारखा गिरकी घेई. एका बाजूला ऑफिस, दुसऱ्या बाजूला आईच्या मालिका, तिसऱ्या बाजूला हे सजावटीचे उद्योग. चौथी बाजू रिकामी होती, कारण तिथे ठेवण्यासारखं माझ्या आयुष्यात अजून काही नव्हतं.

आणि सगळ्यात शेवटी आग. खिडकी बंद केली की ती नुसती जायची नाही, खालून पेटायची, ज्वाळा वरपर्यंत चढायच्या आणि मग राखसुद्धा न उरता नाहीशी व्हायची. साहेबांचा 'जस्ट फॉलोइंग अप' असा मेल आला की वाचायचा, उत्तर द्यायचं आणि अग्नी द्यायचा. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना त्यातली शांतता कळणार नाही.

एकदा लॅपटॉप ऑफिसात नेला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईनं ते बघितलं आणि म्हणाली, "बिट फ्लॅश, ए?" म्हणजे जरा जास्तच भपकेबाज. इथल्या भाषेत ही स्तुती नसते. मी ती स्तुती म्हणूनच घेतली.

माझं लग्न जमायचं त्याच दिवसांत चाललं होतं. मुलगा ऑकलंडला, ओटाहुहूत राहायचा. आम्ही बरेच दिवस फोनवर बोलत होतो. एकदा तो वेलिंग्टनला येऊनही गेला. वारा असा होता की दोघांनी कठड्याला धरूनच गप्पा मारल्या, पण परतल्यावर मी आईला सांगून टाकलं, हाच. त्याचंही म्हणणं तेच होतं. फक्त त्याला आई-वडील नव्हते. नाशिकच्या आत्यानं वाढवलेला. त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "आत्या नाही म्हणाली तर मी तिच्या मनाविरुद्ध जाणार नाही. पण ती नाही म्हणणार नाही." हे दुसरं वाक्य मी आईला सांगितलं. पहिलं तिनं दाराआडून ऐकलं.

म्हणून तो रविवार. नाशिकला सकाळ, आमच्याकडे दुपार कलती. व्हिडिओवर बघण्याचा कार्यक्रम. बाबांनी बार्शीहून कळवलं होतं, "तुम्ही बोला, गिरणी चालू असली की मला काय ऐकू येत नाही." आईनं इस्त्रीची साडी नेसली, मलाही नेसवली आणि पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालू नकोस म्हणाली. पाय दिसणार नाहीत म्हटलं तर म्हणाली, "चालण्यात दिसतं." मी बसूनच असणार होते.

आत्या पडद्यावर आल्या. निवृत्त गणित शिक्षिका, चष्मा दोरीला. शेजारी त्यांचे यजमान, म्हणजे काका, ते मान डोलवत होते. तिसऱ्या चौकटीत मुलगा, मागे नुसती पांढरी भिंत.

"ताई, प्रवास झेपला का एवढा लांबचा?" आत्यांनी आईला विचारलं.

"झेपला की. झोपूनच आले."

मग माझ्याकडे वळल्या. "तुझा बायोडेटा फोनवर पाठवला होतास, पण अक्षरं मुंगीएवढी. मोठा करून दाखवतेस का इथेच?"

दाखवते म्हटलं. माझा अख्खा पडदा त्यांना दिसेल असं केलं आणि बायोडेटा उघडला. आपल्या बायोडेटासारखाच बायोडेटा. सगळ्यात वर गणपती, खाली नाव, रास, गोत्र, शिक्षण. आत्यांनी परीक्षेचा पेपर तपासावा तसा प्रत्येक ओळीवर थांबून मोठ्यानं वाचला.

"एम.एस्सी. कॉम्प्युटर. पहिला वर्ग. वडील, पिठाची गिरणी. घरात आधी कुणी शिकलेलं?"

"कॉलेजात गेलेली मीच पहिली," मी म्हणाले. हे वाक्य मी कधीच हळू आवाजात म्हणत नाही.

"छान. ठेव आता."

मी ठेवला. म्हणजे हाताला सवय होती तसं कोपऱ्यातलं बटण दाबलं.

आधी मामाचा पत्ता पेटला. मग अपेक्षा, मग शिक्षण, पहिल्या वर्गासकट. ज्वाळा रास आणि गोत्र घेत घेत वर चढल्या आणि सगळ्यात शेवटी गणपती गेला. स्वतःच्या घरातली सजावट माणसाला दिसेनाशी होते म्हणतात ते खरं आहे. मला त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं.

नाशिकला दोन्ही डोकी पडद्याजवळ आली.

"पेटलं?" आत्या म्हणाल्या.

"पेटलं," काका म्हणाले.

"ऑसम!" ओटाहुहूतून आवाज आला. "हे कुठलं प्लगइन?"

"तू गप्प बस," आत्या म्हणाल्या.

आई पुढे सरसावली. "अहो ताई, ते खरं न्हाई जळत. खोटं असतंय सगळं."

"खोटं? बायोडेटा?"

"आगीचं म्हणते मी! बायोडेटा खरा आहे. हे बघा, परत आणते. आण गं."

मी परत उघडला. गणपती शाबूत होता. आत्यांनी जवळ येऊन खात्री केली आणि मी माऊस हलवताच ओरडल्या, "बंद करू नकोस!"

झालं. आता तो बंद करायची सोय नव्हती. मी म्हटलं, सेटिंग बदलते, एक मिनिट. घाईत भलतीच दोन बटणं दाबली गेली आणि अख्खा पडदा गरकन फिरला. आत्यांना समोर आईची मालिका दिसली, त्यात एक बाई दुसरीच्या दुधात काहीतरी मिसळत होती. परत फिरवला. सेटिंगची खिडकी उघडली. मधे उगाच उघडलेली एक खिडकी बंद केली, तर तीही पेटली.

"दुसरं गेलं," काकांनी नोंद केली. त्यांना मजा यायला लागली होती हे उघड होतं.

आत्यांना येत नव्हती. "मला एक सांग," त्या म्हणाल्या. शिक्षिका असा आवाज लावतात तेव्हा वर्गातली पोरं वहीत बघतात. "हे सगळं कशाला लागतं? यंत्र याच्याशिवाय चालतं ना?"

टेबलाखाली आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. त्या चिमट्याचा अर्थ होता, ऑफिसनं बसवून दिलंय म्हण.

"लागत नाही," मी म्हणाले. "चालतं याच्याशिवाय. उलट जास्त चांगलं चालतं."

"मग?"

"मला आवडतं म्हणून केलं. लोकांनी टाकलेला लॅपटॉप होता, तो चालता केला, मग नटवला."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. वाचून केलं. दोनदा पार झोपला, नुसता काळा पडदा. परत उठवला. आमच्या घरात मला विचारायला कुणी नव्हतं काकू, त्यामुळे न विचारता शिकायची सवय आहे."

मुलगा त्याच्या चौकटीत डोळे मिटून बसला होता. आईनं चिमटा सोडला नव्हता, त्यामुळे मी जरा जास्तच ताठ दिसत असणार.

आत्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. "आगीशिवाय आणखी काय काय आहे त्यात? वाच."

मी वाचायला लागले. पण नावावरून काय कळणार, करून दाखव म्हणाल्या. बायोडेटाला हात लावायचा नव्हता, म्हणून बळी द्यायला कॅल्क्युलेटर उघडला.

"तो खुशाल जाळ," आत्या म्हणाल्या. "माझा त्याला पहिल्यापासून विरोध आहे."

पहिल्या प्रकारात कॅल्क्युलेटर फुटून त्याचे तुकडे चारी दिशांना उडाले. "शिव शिव," आई म्हणाली. दुसऱ्यात तो विरघळला. "नको, संसार विरघळल्यासारखं वाटतं," आत्या. तिसऱ्यात तो प्रकाशाच्या झोतात सरळ वर गेला. इथे मी न थांबता पुढे गेले. चौथ्यात त्याच्या पानापानाएवढ्या चिंध्या होऊन वाऱ्यावर गेल्या. "हे आमच्याकडे रोज होतंय," आईनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. पाचव्यात कॅल्क्युलेटरची घडी पडत पडत त्याचं कागदी विमान झालं आणि ते झोकात उडून गेलं.

"हे!" काका म्हणाले. "हे फारच छान. विमान!"

"नको," आत्या म्हणाल्या. "विमानं गेली की कोणी परत येत नाही."

ओटाहुहूतल्या चौकटीनं एकदम डोळे उघडले. "आत्या, दिवाळीला आलो होतो ना."

"मागच्या नाही, त्याच्या मागच्या." आणि माझ्याकडे, "पुढचं दाखव."

सहाव्यात खिडकी खालून वर गुंडाळत गेली. जुन्या लोकांनी पत्रिकेची सुरळी करावी तशी, घाई न करता.

"परत," आत्या म्हणाल्या. मी परत केलं. "हां. असं. शुभ कागद असाच ठेवायचा असतो. आता तुझा बायोडेटा याच पद्धतीनं बंद कर."

जॉन्सनव्हिल, ओटाहुहू आणि नाशिक, तिन्ही ठिकाणी माणसं पुढे वाकली. मी बटण दाबलं. बायोडेटा खालून गुंडाळायला लागला. मामाचा पत्ता आत गेला, अपेक्षा आत गेल्या आणि शिक्षणापाशी येऊन अडकला. पंखा सुरू झाला. व्हिडिओ, ठोकळा, सावल्या, थुलथुल, सगळं त्या म्हाताऱ्यानं आतापर्यंत ओढलं होतं. आता त्यानं मान टाकली.

पडदा काळा.

"झालं!" आई म्हणाली. "गेला जावई."

मी बटण दाबून धरून तो परत चालू केला. यावेळी नुसता हलका साज घेतला, बाकी काही नाही. तेवढ्यात फोनवर मुलाचा निरोप आला, 'काळजी करू नकोस. दोघं भांडतायत, पण चांगल्या सुरात.' चांगल्या सुरात म्हणजे कुठल्या, ते विचारायला वेळ नव्हता.

परत जोडले गेलो तेव्हा माझा पडदा पुन्हा करडा झाला होता. बायोडेटा उघडला, माफी मागितली आणि म्हटलं, "आता बघा, काही होणार नाही." बंद केला. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला.

आत्या बघत राहिल्या. "हे काय? नुसताच गेला?"

"हो. साधा."

"अगं, पण काहीतरी व्हायला पाहिजे ना!" त्या काकांकडे वळल्या. "बरोबर ना हो?"

"आगच बरी होती," काका म्हणाले.

आत्यांनी हसू दाबलं, पण दाबलेलं दिसलं. मग पुतण्याच्या चौकटीकडे बोट करून आईला म्हणाल्या, "ताई, याच्या मागची भिंत बघताय ना? चार वर्षं त्या घरात पडदा नाही, चित्र नाही. एक गादी आणि एक कढई. विचारलं तर म्हणतो, लागतं कशाला. मला वाटलं होतं तशीच एखादी शोधेल आणि दोघं रिकाम्या खोलीत समोरासमोर बसतील." मग म्हणाल्या, "आमच्याकडून होकार आहे. तुमचं काय?"

माझ्या कानांत नुसतं गरम झालं. मुलगा उठून उभा राहिला, त्यामुळे चौकटीत फक्त त्याचं पोट दिसत होतं. मी आईकडे बघितलं. बार्शी सोडल्यापासून या एका शब्दासाठी ती देव पाण्यात घालून बसली होती.

आईनं पदर खांद्यावर सारखा केला. "आम्ही कळवतो," ती म्हणाली. "दोन दिवसांत."

"आई!"

"तू गप्प बस. मोठी माणसं बोलतायत."

आत्यांनी आधी काकांकडे बघितलं, मग नमस्कार केला. काकांनीही केला. चौकटी गेल्या. मुलाची सगळ्यात शेवटी, पोटासकट.

"काय केलंस हे?" मी म्हणाले.

"काय केलं? कळवतो म्हणाले." आई चहाला आधण ठेवत होती. "तुझ्यासाठी मागं तिघांनी मला कळवतो म्हणून सांगितलंय. एकानं बी कळवलं न्हाई. म्हटलं, हे म्हणताना कसं वाटतंय ते एकदा बघावं."

"मग? कसं वाटलं?"

"लई भारी वाटलं."

तिनं साखर घातली. आलं किसलं. दूध संपलंय, डेअरीतून घेऊन ये म्हणाली. मी चपला घातल्या, पर्स शोधली, दारापर्यंत गेले आणि मागून तिचा फोनवरचा आवाज ऐकला, वेलिंग्टनहून नाशिकपर्यंत फोनशिवायही पोचेल असा.

"ताई, मीच बोलतेय. कळवायला फोन केला."