ठाणेदारांचा आज्ञार्थ

माझे यजमान आमदार होण्यापूर्वी बावीस वर्षे पोलीस खात्यात होते आणि त्या बावीस वर्षांत त्यांनी कोणालाही, कशाचीही विनंती केली नव्हती.

हे मी तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहीत आहे. आमच्या घरी पाणीसुद्धा "पाणी!" एवढ्याच शब्दात मागितले जाई. क्रियापद नाही, संबोधन नाही. (मी पाचवी ते सातवीच्या वर्गांना मराठी व्याकरण शिकवत असे आणि अपूर्ण वाक्याचा एक गुण कापत असे. घरी मात्र गुण न कापता पाणी देत असे.) लाखांदूर, तुमसर, शेवटी अड्याळ, अशा बदल्या होत गेल्या, भांडीकुंडी बदलली, पण वाक्यरचना बदलली नाही.

ऐंशीच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात हे भर दुपारी घरी आले आणि मी तपासत असलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यावर त्यांनी आपली टोपी ठेवली.

"राजीनामा दिला."

"कशाचा?" मी विचारले. (इतका निरर्थक प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी विचारला नव्हता.)

"एकाच विहिरीवरच्या मारामारीचे अकरा पंचनामे लिहिले मी, मास्तरीणबाई. कोणतं कलम लावायचं, झोपेतही सांगीन. पण 'गावात दुसरी विहीर खोदा' असं कलम माझ्या पुस्तकात नाही. ते ज्या पुस्तकात असेल, तिथं जाऊन पाहतो."

म्हणजे विधानसभेत! तेही अपक्ष! परतीचा रस्ता स्वतःच्या हाताने बंद करून! मी लाल शाईची दौत उलटी केली. ती भीतीने की अभिमानाने, हे तेव्हा कळले नाही. पुढे विचार केल्यावर अभिमान थोडा अधिक भरला.

मग मी त्यांचे प्रशिक्षण हाती घेतले. रोज सकाळी अंगणात एक तास.

"क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपाने आज्ञा होते, तशीच विनंतीही होते," मी समजावले. "'मत द्या' हे शब्द तेच. फरक फक्त स्वरात. म्हणा."

"मत द्या!"

त्याच वेळी दारात आलेल्या गवळ्याने दुधाची कॅन खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

"अजून मृदू."

"मत... द्या!"

गवळ्याने खिसेही उलटे करून दाखवले. दुधात पाणी घालत असल्याचे त्याने न विचारता कबूल केले, तो या प्रशिक्षणाचा पहिला लाभ. दहाव्या दिवशी मी यजमानांना काठावर उत्तीर्ण केले.

प्रचाराचा आरंभ भिवटोल्यापासून करावा, असे मीच ठरवले. अकरा पंचनाम्यांची विहीर याच गावची. शिवाय भिवटोला जिकडे, तिकडे आसपासचे सात टोले, म्हणजे वाड्या, हा त्या भागातला जुना नियम. भिवटोला गेला की निवडणूक गेली, इतके ते सरळ गणित होते. त्या गणितात एक बाब मात्र मी धरली नव्हती. उन्हाळ्यात मोहफुले वाळतात, फुले वाळली की काही घरांच्या मागे दारूचे हंडे चढतात, आणि हंडे चढले की ठाणेदारांची जीप येते. यंदाही आलीच! एका राईस मिलवाल्या भाच्याची होती खरी, पण हूड खाकी. पुढे हे, मागे मी, आणि माझ्या शेजारी निवृत्त हवालदार मारोती. प्रचारासाठी त्यांनी पांढरा सदरा घातला होता. पट्टा मात्र खात्याचाच होता.

"ठाणेदार आला गाऽऽ!"

एवढी एकच आरोळी आली. आम्ही जीपमधून उतरेपर्यंत गावात एक शेळी, एक उलटी बाज आणि एक उग्र दर्प एवढेच उरले होते. सगळा गाव बोडीच्या, म्हणजे तिथल्या लहान तळ्याच्या, पाळीमागे दडला होता.

मारोतींनी नाक वर केले. "साहेब, चार हंडे सांडले. वासावरून सांगतो."

"कोणत्या घरातून?" यजमानांनी विचारले.

"अहो!" मी म्हणाले.

"सवय," ते म्हणाले.

मारोती पाळीकडे तोंड करून ओरडले, "या हो बाहेर! पकडाले नाई, मतं मांगाले आलो!"

पाळीमागून उत्तर आले, "मांगच्या खेपेलेबी 'फक्त पानी प्याले आलो' म्हनलं होतं तुमी!"

अर्ध्या तासाने चाळीसेक माणसे बिचकत बाहेर आली. हे शिकवल्याबरहुकूम हसले (ते हसणे पाहून पुढची रांग दोन पावले मागे सरली) आणि अत्यंत मृदू स्वरात म्हणाले, "बसा."

सगळे तत्काळ दोन ओळींत उकिडवे बसले. हात डोक्यावर!

"मी तुमच्याकडे काही मागायला आलो आहे," यांनी सुरुवात केली.

पहिल्या ओळीतला एक म्हातारा थरथरत उठला. "साहेब, मी काई नाई केलं जी!"

"तसं नाही हो. मत द्या."

"देतो जी. पन कोनत्या केसमंधी?"

हेही निभावले. कारण यांनी विहिरीचा विषय काढला आणि बायका बोलू लागल्या. डोक्यावरचे हात हळूहळू खाली आले. एकीने तर "साहेब, आमी रोज कोसभर पाय तोडून राहिलो," असे सुनावलेही. ठाणेदाराला सुनावणे, म्हणजे भीती गेल्याचे लक्षण! आता सगळे सुरळीत होणार होते.

नेमक्या त्याच क्षणी माझ्यातील पद्धतशीरपणा जागा झाला.

मी पिशवीतून हजेरीची वही काढली. आदल्या दिवशीच तीत पट्टीने रकाने आखले होते : अनुक्रमांक, पूर्ण नाव, वय, अडचण. प्रत्येकाची अडचण नोंदवली तर पुढे पाठपुरावा करता येतो, हे आजही माझे मत आहे. मी पेन्सिल सरसावली आणि पंधरा वर्षांच्या वर्गातल्या सवयीने म्हणाले :

"एकेकाने उभे राहा! पूर्ण नाव सांगा! स्पष्ट बोला! पुढचा!"

पुढचा नव्हताच. मागचाही नव्हता. मघाशी म्हातारी माणसे काठी घेऊन पळाली होती; या वेळी काठ्या टाकून पळाली.

धूळ खाली बसल्यावर यजमानांनी माझ्याकडे पाहिले. "मास्तरीणबाई, शिट्टी फुंकूनही मला बावीस वर्षांत इतकं गाव एका दमात पळवता आलं नव्हतं."

ते हसून म्हणाले. पण टोपी नसलेल्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. नोकरी त्यांनी सोडली होती आणि निवडणूक मी घालवली होती, तीही सुवाच्य अक्षरात!

तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, "झालं का लिवून, बाई?"

तिथे भागरथाबाई नावाची एक वृद्धा बसली होती. ती पळाली नाही, कारण तिचे गुडघे पळण्यातले नव्हते. यांनी तिला दारूच्या हंड्यासह तीनदा पकडले होते, असे मारोतींनी माझ्या कानात सांगितले. मला धीर द्यायला हा तपशील निवडावा, याला काय म्हणावे!

"तुम्ही माझ्यावर रागावल्या असाल," हे तिला म्हणाले.

"काहून रागावू? तीनदा पकडलं, तीनदा जेवू घातलं. घरी नातू एकटा होता, तं शिपाई धाडून त्याले मावशीकडे पोचवलं. ज्यायनं मले कधी पकडलं नाई, त्यायनं कधी भाकर तरी देली का?" मग माझ्याकडे वळून, "वही ठेवा थैलीत. नावं कायले लिवता? त्याले तोंडपाठ हायेत आमची."

आणि नावे खरेच तोंडपाठ होती! हे पाळीजवळ गेले आणि हाका मारू लागले. "महादेव, पोराचा हात जुळला का? सखाराम, बैल सापडला तो लंगडा? अन् पारबता, जावई नांदवतो का नीट, का मी येऊ?"

पाळीमागे प्रथम कुजबुज झाली, मग कोणीतरी खुदकन हसले. एक डोके वर आले. मग दुसरे.

"साहेब, बैल सापडला जी!"

"विहीर मागायला जाणार आहे मी," हे म्हणाले. "एकट्याचं तिथं कोण ऐकतं? तुम्ही मला पाठवाल का?"

ते वाक्य आज्ञार्थी नव्हते. प्रश्नार्थी होते. मी शिकवलेच नव्हते ते! लिंबाखाली उभी राहून मी वही पिशवीत टाकली आणि मनातल्या मनात त्यांना काठावरून थेट पहिल्या श्रेणीत नेले.

भिवटोल्याने त्यांना पाठवले. सातही टोल्यांनी पाठवले. आणि त्याच वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हे विहिरीवर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा मी नवे लुगडे नेसून प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसले होते. भाषण उत्तम चालले होते. "शासनाने विहीर द्यावी" इथपर्यंत विध्यर्थ अगदी निर्दोष होता. पण मंत्री शेजाऱ्याशी बोलताना दिसले आणि यांच्यातला ठाणेदार उठला.

"विहीर द्या!"

सभागृह दचकले. मंत्र्यांच्या हातून कागद पडले. आणि सज्ज्यातून एक खणखणीत आवाज आला, "स्वर! स्वर मृदू ठेवा!"

तो आवाज माझा होता, हे मला इतरांबरोबरच कळले.

विहीर मंजूर झाली. पण ते मला बाहेर कळले, कारण तोवर दोन शिपायांनी मला सन्मानपूर्वक दाराबाहेर आणले होते. तिथल्या अधिकाऱ्याने टेबलावर एक वही उघडली. पट्टीने आखलेले रकाने : अनुक्रमांक, पूर्ण नाव, वय, कारण. त्याने पेन्सिल सरसावली.

"पूर्ण नाव सांगा. स्पष्ट बोला."

पंधरा वर्षे शुद्ध मराठी शिकवलेली मी, दोन्ही हात जोडून म्हणाले, "साहेब, मी काई नाई केलं जी!"