कारणाचा रकाना

रजेचा अर्ज हातात आला की ते आधी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहायचे. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारायचे, "खरं कारण?"

चंदीगडमधल्या आमच्या केंद्र सरकारी कार्यालयात ते आस्थापना शाखेचे प्रमुख होते. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन इथे लागलेले. सगळे त्यांना फौजीजी म्हणत. मी नागपूरहून बदलून आलेली, त्यांच्यासमोरच्या टेबलावर बसायचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून ते खूश होते. मला मात्र धास्ती वाटायची, कारण थापा हिंदीतच बऱ्या मारता येतात.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण फौजीजी विचारायचे सगळ्यांना आणि अडवायचे कुणालाच नाही. आमच्या एका कारकुनाची आजी तिसऱ्यांदा वारली, तेव्हा "इस बार पक्का ना जी?" एवढंच विचारून त्यांनी सही केली. मला तर हेच संशयास्पद वाटायचं.

त्यातून त्यांच्या स्वतःच्या रजा. वर्षातून दोनदा ते सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवरून हिमाचलातल्या हमीरपूरची बस पकडत. कुणीतरी त्यांच्या पिशवीत बायकी शाल पाहिली होती. बायको तर साताऱ्यात. आम्ही समजायचं ते समजलो होतो.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला. गुरुवारची रजा टाकली की चार दिवस कसौली. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सास बीमार'. सासूबाई तेव्हा घरी गाडीत खायच्या चकल्या तळत होत्या.

"खरं कारण, ताई?"

"सासूबाईंची तब्येत."

"जपा त्यांना," म्हणत त्यांनी सही केली.

बुधवारी त्यांना एक फोन आला. त्यांनी उभ्या उभ्या अर्ज लिहिला आणि माझ्याकडे सरकवला. त्यांचा अर्ज माझ्या टेबलावरून साहेबांकडे जायचा. कारण होतं, 'माँ बीमार'.

त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. मी स्वतः समाचाराला गेले होते. आयुष्यभर लोकांना खरं कारण विचारणारा माणूस अखेर सापडला, या आनंदात मी समासात लाल शाईने टीप लिहिली, 'आवेदक की माताजी जीवित नहीं हैं.'

साहेबांनी त्यांना बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "सर, सच लिखा है." साहेबांनी लाल शाई दाखवली. अर्धं कार्यालय रजेवर चाललंय, शुक्रवारी झेंडा फडकवायला कुणीतरी हवं, तेव्हा झेंडावंदन झाल्यावर जा, असा हुकूम निघाला. मी गुरुवारी कसौलीला गेले.

पुढच्या आठवड्यात ते आले ते डोक्याचा गोटा करून.

"कोण गेलं, फौजीजी?"

"आई. गुरुवारी दुपारी." मग खुर्चीत बसत ते सांगू लागले. "माझी न्हवं, माझ्या फौजेतल्या जोडीदाराची, हमीरपूरची. तरुणपणी गावच्या जत्रंला जायचं म्हनून म्या फौजेत आई आजारी हाय असं खोटं लिवलं. छुट्टीची पाळी त्याची हुती. त्यानं मला दिली आन माझ्या जागी वरच्या चौकीवर गेला. चौथ्या दिवशी तिथं गोळा पडला."

"त्याला खोटं कळलं नव्हतं?"

"निघताना म्हनला, माँ को प्रणाम, और मेले में मेरे नाम का भी झूला झूलना." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "त्याच्या आईला म्या समदं खरं सांगितलं. ती म्हनली, फिर अपनी छुट्टी में मेरे पास आया कर. झेंडावंदन करून निघालो. गावानं अग्नीसाठी माझी वाट बघितली. पन शेवटचं बोलनं ऱ्हायलं."

मला रडू आलं. "फौजीजी, आम्ही कसौलीला गेलो होतो."

"ठावं हाय. तुमच्या लेकीनं हापिसच्या फोनवर आधीच सांगितलं हुतं, अंकल, दादी भी पहाड़ पे आ रही हैं."

"मग सही का केली?"

"मागं कुनीतरी उभं आसतं म्हनून तर मानसं सुट्टीला जात्यात, ताई. जायला मात्र पायजे."

टीप माझी होती हे त्यांना ठाऊक होतं. माझं अक्षर ते रोज पाहत होते. त्यावर ते कधीच बोलले नाहीत, आणि त्यांची माफी मागायची माझी राहून गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन गावी परतले. तिथेच वारल्याची बातमी आम्हाला टपालाने कळली.

आता आस्थापना शाखेत त्यांच्या खुर्चीवर मी बसते. कुणाचीही आजी वारली तरी सही करते. पंधरा ऑगस्ट जवळ आला की कपाटातून ती जुनी फाइल काढते. 'माँ बीमार' हे त्यांचं तिरकं अक्षर, आणि समासात माझी ठसठशीत लाल ओळ, 'माताजी जीवित नहीं हैं.' खाली तारीख आहे, बुधवारची. बुधवारी ती जिवंत होती.