लाल गायवाला कैदी

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी भंडाऱ्याच्या कचेरीत जुन्या तुरुंगाचे कागद वाचत होते. प्रबंधाचा विषय भारदस्त होता: इंग्रजांच्या जंगलातलं गवत मुद्दाम कापून कैदेत गेलेली माणसं. खरं कारण घरचं होतं. त्यातले एक माझे आजोबा, आणि त्यांचं नि आजीचं पन्नास वर्षांचं भांडण मला एकदाचं निकालात काढायचं होतं.

भांडण एवढंच, की आजोबा म्हणायचे, "सगळ्याइच्या बायका भेटीले आल्या, हे एकटीच नाई आली." आजी म्हणायची, "आली होती मी. शिपायानं वापस धाडलं." "काहून धाडलं?" यावर आजी चूल फुंकायला बसायची. आमच्या गावातल्या, सिहोऱ्यातल्या, प्रत्येक पंगतीत आजोबांनी ही कैफियत मांडली होती. लोक हसायचे, आजीही हसायची, आणि मला तिचं ते हसणं मुळीच बघवायचं नाही.

कैद्यांच्या वहीत आजोबा लगेच सापडले. गुन्हा, गवताची चोरी. आत जाताना वजन, सुटताना वजन, आणि सुटताना चांगलंच वाढलेलं. तुरुंगातल्या उपासमारीच्या त्यांच्या गोष्टी आठवून मी एकटीच खिदळत सुटले. कारकून चष्म्यावरून बघत राहिले. भेटीच्या वहीत मात्र आजी नव्हतीच. माझं तोंड एवढंसं झालं.

शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही मागून घेतली. तिच्यात गिचमिड हिंदीत होतं: "सिहोरा की एक औरत, साथ में पोहा. कैदी का नाम नहीं बोलती. पूछा तो कहती है, लाल गाय वाला. वापस किया."

सिहोऱ्यात लाल गाय तेव्हा एकट्या आजोबांकडेच होती. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणजे तुरुंगाच्या फाटकावरही काढायचं नाही. मी नोंद उतरवून घेतली आणि गावी जायला धावत जाऊन तुमसरची एसटी पकडली. वाटभर हसू फुटत होतं. शेजारच्या बाई जरा सरकूनच बसल्या.

ओसरीवर दोघांसमोर मी नोंद वाचली. आजोबा आजीकडे वळले.

"अवं, मंग तवाच सांगाचं ना मले."

"काय सांगू? एवढ्या दूर पायी गेली अन् एक नाव नाई निघालं तोंडातून. तुमी तं तेबी पंगतीत सांगतलं असतं."

हे अगदी खरं होतं. माझ्या पोटात हसू मावत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते. आजोबा उठले, धोतर सावरलं, टोपी घातली.

"कुठी चालले?" आजीनं विचारलं.

"गावात. एवढ्या लोकाइले सांगतलं होतं. आता वापस घ्या लागन ना."

आणि खरंच घरोघर गेले. ज्यांना सांगितलं होतं त्यातले पुष्कळ वारले होते, तर त्यांच्या मुलांना, सुनांना सांगितलं. ज्या सुनांना मूळ तक्रारच ठाऊक नव्हती, त्यांनाही ओट्यावर थांबवून सांगितलं, "आली होती बरं ते." मी मागे मागे, नोंदीचा कागद दाखवायला.

परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आजोबा दमून खाटेवर बसले. "वरची गल्ली रायली," म्हणाले.

आजीनं पाण्याचा गडवा पुढे केला. "उद्या मीबी येते संगं. बराबर सांगता का नाई, पाहाले."